जगाची जोखीम, सातबाऱ्याचा बोजा

डिसेंबर उजाडला की नागपुरास दोन हंगाम एकदमच येतात: एक अंबिया बहाराच्या संत्र्यांचा आणि दुसरा राज्यकारभाराचा. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन या शहरी भरविण्याचे जे अभिवचन दिले, त्याचे पालन म्हणून मुंबईची दप्तरे गाड्यांत भरून इकडे आणली जातात, रविभवनातील खोल्यांना रंग लागतो, सिव्हिल लाइन्समधील रस्ते झाडूनपुसून लख्ख होतात, आणि यशवंत स्टेडियमकडून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडविले जाऊन, आपापली निवेदने कोणा राज्यमंत्र्याच्या हाती ठेवून पांगतात. मी गेली कित्येक वर्षे त्या वाटेवरून जाता-येता हा सोहळा पाहत आलो आहे. निवेदनांतील मागण्या फारशा बदलत नाहीत, हे तर सर्वांच्याच ध्यानी आलेले आहे. परंतु अलीकडे सभागृहाच्या आतील भाषा मात्र बदलली आहे, आणि मला आज लिहावयाचे आहे ते त्या भाषेविषयी.

आता आत बोलले जाते ते ट्रिलियनच्या हिशेबाने. राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरांच्या पायरीवर नेऊन ठेवावयाची असा संकल्प झाला. त्यासाठी टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक सल्लागार परिषद नेमण्यात आली. केंद्राच्या नीती आयोगाच्या धर्तीवर २०२२ मध्ये 'मित्र' नावाची संस्था स्थापन झाली. संकल्प मोठा असावा याविषयी माझा वाद नाही, आणि जाणत्या माणसांचा सल्ला घेणे हे सुराज्याचे लक्षणच मानले पाहिजे. माझी तक्रार एवढीच की, शासन जो सल्ला मागते आणि जो लोकांपुढे येतो, त्यात वृद्धीचे गणित जितक्या बारकाईने मांडलेले असते तितक्या बारकाईने दुसरे एक गणित मांडलेले माझ्या पाहण्यात नाही: दूर कोठे युद्ध जुंपले, एखाद्या राष्ट्राने जकात वाढविली, पावसाने ऐन वेळी दगा दिला, अथवा सातासमुद्रांपलीकडे एखाद्या मालाचा भाव कोसळला, तर होणारा तोटा नेमका कोणाच्या नावे टाकला जाणार. हे गणित मांडले नाही म्हणून तोटा काही टळत नाही. तो मुकाट्याने सर्वांत दुबळ्या खात्यावर जाऊन बसतो. ते खाते मी गेल्या हंगामात हिंगणघाटनजीक एका जिनिंगच्या आवारात जवळून पाहिले.

सकाळची आठाची वेळ, काट्यापाशी पिकअप आणि ट्रॅक्टर यांची रांग, आणि हवेत सरकीचा तो उबट वास. समुद्रपूरकडील एका शेतकऱ्याच्या गाडीत ग्रेडरने ओलावा मोजण्याच्या यंत्राचा दांडा खुपसला. काटा तेरावर थांबला. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारापर्यंत टक्क्यागणिक कपात, आणि बाराच्या वर खरेदीच नाही, असा नियम असल्याने ग्रेडरच्या हातीही काही नव्हते. दिवाळीनंतरच्या पावसाने बोंडात शिरलेले पाणी त्याने थोडेच घातले होते? शेतकऱ्याने 'कपास किसान' ॲपवर रीतसर नोंदणी केलेली, नोंदणीसाठी लागलेला सातबाऱ्याचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलेला. गाडी बाजूस घेतल्यावर त्याने तो उतारा मला दाखविला. 'इतर हक्क' या रकान्यात सेवा सहकारी सोसायटीचा बोजा, त्याखाली बँकेचा बोजा. मग त्याने विचारले, "काकाजी, तिकडं त्या अमेरिकेनं टॅक्स लावला म्हन्ते, अन् भाव इकडं आमचा पडला. आमी कोनाचं काय केलं होतं जी?" दुपारपर्यंत त्याने तो कापूस एका व्यापाऱ्यास हमीभावाखाली रोखीने देऊन टाकला, कारण वेचणीची मजुरी त्याच दिवशी चुकती करावयाची होती.

पंडितांच्या परिभाषेत ज्यास जागतिक जोखीम म्हणतात, तिची आपल्या राज्यातील एकमेव अधिकृत नोंदवही माझ्या मते हीच: गाव नमुना सात, रकाना इतर हक्क. लिव्हरपूलला, शिकागोला, वॉशिंग्टनला किंवा ढाक्याला जे काही बिघडते ते दोन-तीन हंगामांच्या अंतराने तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होऊन उतरते. मुंबईच्या अंदाजपत्रकात मात्र त्यास शीर्षक नाही.

ही रीत आजची नव्हे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटून दक्षिणेकडील बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची चाती थांबली आणि मँचेस्टरच्या दृष्टीस एकाएकी वऱ्हाड दिसू लागले. कापसाचे भाव कधी नव्हते असे चढले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारख्यांच्या शेअरांचा बाजार तापला. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलचे दलाल नावानिशी ओळखू लागले. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि मुंबईचा फुगा फुटला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी नागपुरास पोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे ज्या तेजीच्या भरात तिची एवढी निकड भासली होती ती तेजी ओसरून दोन वर्षे लोटल्यावर. (सरकारी कामांच्या मुदतीविषयी आपण आजच्या अभियंत्यांना जे बोल लावतो, त्यात थोडा इतिहासाचाही वाटा धरावा.) पुढे खामगाव आणि अमरावती येथपर्यंत फाटे आले, कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला, आणि ज्वारीच्या वावरांत कापसाचे तास पडत गेले. भाव परत खाली आला तरी जमीन परत ज्वारीकडे गेली नाही, कारण सारा रोखीने भरावयाचा होता आणि सावकाराचे व्याजही रोखीनेच. शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात धान्य विकत घेऊन खाणाऱ्यांची संख्या मोठी झालेली होती, आणि विकत घेण्यास त्यांच्या गाठी पैसा नव्हता.

त्या दोन दुष्काळांची तुलना आजच्या सल्लागारांनी अवश्य करावी. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ-संहिता तयार झाल्या होत्या: पाऊस आणि पीक किती बुडाले म्हणजे चाचणीची कामे काढावयाची, केव्हा अन्नछत्रे उघडावयाची, कोणी पाहणी करावयाची, खर्च कोठून करावयाचा, हे सारे आधीच लिहून ठेवलेले. तरीही १८९६-९७ मध्ये मध्यप्रांताच्या अंमलदारांनी हात आखडता घेतला, कामे उशिरा निघाली, आणि मृत्यूंची संख्या इतकी झाली की पुढच्या चौकशी आयोगास त्याची दखल घ्यावी लागली. तीन वर्षांनी पीक त्याहूनही अधिक बुडाले. परंतु या खेपेस त्याच प्रांताने संहिता वेळेवर उघडली, मदत सढळ हाताने दिली, आणि मृत्यू त्या मानाने कमी झाले. इतके की दुसऱ्या आयोगाने मदत जरा जास्तच दिली असा उलटा ठपका ठेवला! परकीय सरकार, तेच दप्तर, तोच कायदा. फरक पडला तो कागद वेळेवर उघडल्याने. त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही, परंतु संकट येण्यापूर्वी त्याचा जाबता लिहून ठेवणे ही कल्पना तिने मान्य केली होती, आणि स्वतंत्र राज्यातही पैसेवारी पन्नासाच्या खाली गेली म्हणजे काय काय करावयाचे याचे नियम आपण चालवीत आलो ते त्याच परंपरेने. अन्नाच्या दुष्काळास संहिता आहे. भावाच्या दुष्काळास नाही. माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आले.

कोणी म्हणेल की भावाचा दुष्काळ ही बाजाराची गोष्ट, तीत सरकारने पडू नये. पण या राज्याने एकदा तसा प्रयत्न करून पाहिला आहे, आणि त्याची कथा आजच्या पिढीस ठाऊक नसल्याने ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. १९७२ मध्ये महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याचा कापूस पणन महासंघाने घ्यावा, हमीची किंमत आधी द्यावी, रुई-सरकी विकून नफा झाला तर त्यातला मोठा भाग शेतकऱ्यास परत द्यावा आणि एक भाग भाव-चढउतार निधीत टाकावा, म्हणजे पडत्या वर्षी तो निधी उपयोगी येईल, अशी तिची मूळ रचना. कल्पना म्हणून मला ती आजही निर्दोष वाटते. चिलीसारख्या देशाने तांब्याच्या तेजीतील उत्पन्न बाजूस ठेवून मंदीच्या वर्षांसाठी आर्थिक स्थैर्याचा निधी २००७ मध्ये कायद्याने उभा केला, आणि जगभरच्या अर्थशास्त्र्यांनी त्याची वाखाणणी केली. तत्त्व पाहू गेल्यास तो आपल्याच चढउतार निधीचा दूरचा भाऊबंद. पण चिलीत निधीस हात कधी लावावा याचे नियम घालून दिले, तर आपल्याकडे किंमत किती द्यावयाची हे मंत्रिमंडळाच्या बैठकीत, आणि पुष्कळदा निवडणुकीच्या दिनमानावर, ठरू लागले. बाहेर भाव कमी असता आपल्या केंद्रांवर परप्रांताचा कापूस येऊ लागला, आणि बाहेर भाव जास्त असता आपला कापूस रातोरात सीमा ओलांडून गुजरात आणि मध्यप्रदेशात जाऊ लागला. चांगल्या वर्षांचा नफा वाटून टाकला, वाईट वर्षांचा तोटा साचत गेला, निधी आटला, शेवटी २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यास दार उघडे करून योजनेने मान टाकली. त्यातून धडा असा घेतला गेला की सरकारने जोखीम उचलूच नये. तो चुकीचा होता. बेशिस्तीने उचलू नये, एवढाच काय तो धडा त्यात होता.

दाराबाहेर जे उभे होते ते मोठे कठोर होते. नव्या शतकाच्या प्रारंभी जागतिक बाजारात कापसाचा भाव तळास गेला, आणि अमेरिकेचे सरकार आपल्या मूठभर कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरांचे अनुदान देत होते. ब्राझीलने २००२ मध्ये त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ मध्ये तडजोडीत तीस कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार दरिद्री देशांनी २००३ मध्ये कापसाचा प्रश्न एकत्र येऊन जिनिव्हास मांडला. त्याच काळात यवतमाळ-अमरावतीचा शेतकरी विष पीत होता, आणि आपल्याकडून गेले ते १ जुलै २००६ च्या सुमारास सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेले ३,७५० कोटींचे पॅकेज. रक्कम लहान नव्हती, पण ती दुखणे विकोपास गेल्यावर आली. महाराष्ट्राच्या कोणत्या दप्तराचे काम अमेरिकेतील कापसाच्या अनुदानाचे आकडे दर महिन्यास वाचणे हे होते, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर उत्तर मिळाले नसते. आजही मिळणार नाही.

म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये जे झाले त्याचे मला आश्चर्य वाटले नाही. अमेरिकेने भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के आयात-कर २७ ऑगस्टपासून लागू केला. तिरुपूरच्या आणि इतर ठिकाणच्या वस्त्रोद्योगाची तारांबळ उडणे स्वाभाविक होते. तेथेही लाखो कामगारांच्या चुली आहेत. त्यांस स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने कापसावरील अकरा टक्के आयात-शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, आणि मग दहा दिवसही लोटले नाहीत तोच ३१ डिसेंबरपर्यंत. आता पंचांग पाहावे. जूनमध्ये पेरणी झाली ती शुल्क आहे हे धरून; बियाण्याची, खताची, फवारणीची उसनवारी त्याच हिशेबाने केली. पोळा सरून दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटतात, शेतात सीतादही होऊन पहिल्या वेचणीस हात लागतो, आणि डिसेंबरअखेरपर्यंत लहान शेतकऱ्याचा बहुतेक कापूस घराबाहेर पडलेला असतो. सवलतीचा काळ आणि त्याच्या विक्रीचा काळ यांत फटही राहिली नाही. सरकार म्हणेल की हमीभाव लांब धाग्यास ८,११० रुपये होताच. होता, पण तो तेरा टक्के ओलाव्यास नव्हता, रांगेत आठ दिवस थांबू न शकणाऱ्यास नव्हता, आणि खेडा खरेदीत दारात आलेल्या व्यापाऱ्यास तो बंधनकारकही नव्हता.

गिरण्यांना दिलासा देण्याचा निर्णय मी चूक म्हणत नाही. एका बाजूस दिलासा देणाऱ्या हुकुमात दुसऱ्या बाजूच्या तोट्याचे कलम नव्हते, ही चूक. दोन्ही एकाच कागदावर असते, म्हणजे शुल्क उठविल्यामुळे भाव अमुक इतका खाली गेला तर फरकाची रक्कम अमुक खात्यातून अमुक मुदतीत जमा होईल असे त्याच अधिसूचनेत म्हटले असते, तर तो राज्यकारभार झाला असता. जे झाले त्यास मी घाईगर्दी म्हणतो.

संत्र्याचीही गोष्ट फार निराळी नाही. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील लहान आकाराच्या फळास मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ मध्ये किलोस वीस रुपयांच्या आसपास असलेले तेथील आयात-शुल्क चढत चढत २०२३ अखेर अठ्ठ्याऐंशीवर गेले, आणि फळे बागेच्या बांधावर सडू लागली. राज्याने निम्मा भार उचलण्याचे मग ठरविले. परंतु चार वर्षे शुल्क पायरीपायरीने चढत असता कोणी हाक दिली नाही. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला दुकानदार आपण मूर्ख ठरवितो. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या तालुक्यास मात्र 'विदर्भाचे कॅलिफोर्निया' म्हणून गौरवितो.

यावर ठरलेला आक्षेप असा की परराष्ट्र-व्यापार हा केंद्राचा विषय, राज्य काय करणार? हा आक्षेप मला दप्तरदिरंगाईचा सभ्य अवतार वाटतो. दिल्लीस जाऊन वेळेवर बोलणे हे तर राज्याचे काम आहेच, आणि बोलावयाचे तर हातात अभ्यास हवा. तो अभ्यास करणारी माणसे आयात करावी लागणार नाहीत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था नागपुरात, मृदा-सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालय नागपुरात, पर्यावरण अभियांत्रिकीची 'नीरी' नागपुरात. एका सायकलवरून दिवसभरात या चारही दारांशी जाऊन येता येईल. इतके ज्ञान एका शहरात असता त्या शहराच्या प्रदेशाविषयीचे आराखडे मुंबईच्या सल्लागार कंपन्यांकडून इंग्रजीत लिहवून घेतले जातात, याचे मला नेहमी नवल वाटते.

या संदर्भात चिंतामणराव देशमुखांची आठवण येते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतील भारताचे एक प्रतिनिधी, पुढे देशाचे अर्थमंत्री, ही त्यांची ओळख सर्वांस आहे. परंतु त्यापूर्वीची दोन दशके हा मनुष्य मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नोकरीत होता आणि जमाबंदीच्या कामासाठी त्याने खेड्यांची मोजणी केली होती, हे आपण विसरतो. नव्या आंतरराष्ट्रीय बँकेने केवळ युद्धात मोडलेली युरोपची शहरे बांधू नयेत, मागासलेल्या देशांच्या विकासाकडेही पाहावे, हा आग्रह त्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने धरला. वावर कसे दिसते आणि साऱ्याचा हप्ता कसा चुकतो हे ज्याने पाहिले होते, असा मनुष्य त्या मंडळात बसलेला होता. आजच्या आर्थिक परिषदांवर उद्योगपती असावेत. सोबत ज्याने निदान एकदा पीकपाहणी केली आहे असाही एखादा असावा.

समित्यांची तर आपल्याकडे टंचाई नाही. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा दोन-पंचमांशाच्या आसपास दाखविला; विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला; १९९४ मध्ये झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. हे सारे श्रम मागे काय राहून गेले ते मोजण्याचे होते, आणि ते अवश्य होते. गोसीखुर्दचेच पाहा: २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते कोनशिला बसली तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता, आणि पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. पण अनुशेष म्हणजे कालचा हिशेब. उद्या काय बुडेल हे मोजणारी समिती अद्याप एकही नाही.

आणि उद्याचे बुडणे केवळ शेतीत नाही. नागपूर-चंद्रपूर पट्टा कोळशावर उभा आहे: वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय या शहरात, कोराडी-खापरखेड्याची धुराडी शहराच्या उत्तरेस, आणि चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र दक्षिणेस. साऱ्या जगाने, आणि आपल्या देशानेही, कोळशापासून दूर जाण्याचे ठरविले आहे. वीस वर्षांनी म्हणा, तीस वर्षांनी म्हणा, बल्लारपूर-वणीच्या खाणकामगारांच्या मुलांनी काय करावयाचे, याचा कागद आज लिहिला तरच तेव्हा उपयोगी पडेल. शेजारी गडचिरोलीत सुरजागडच्या लोखंडावर पोलादाचे मोठे केंद्र उभारण्याचे घाटत आहे, त्यात हजारो कोटींची गुंतवणूक होणार आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने आपल्या सीमेवर पोलादावर कार्बनचा आकार लावण्यास प्रारंभ केला आहे. कोळशावर वितळविलेले पोलाद आणि विजेवर वितळविलेले पोलाद यांच्या किमतीत आता युरोपच्या बंदरावर फरक पडणार. भूमिपूजनाच्या भाषणांत हा फरक कोणी काढलेला माझ्या ऐकिवात नाही. कारखाना उभा राहण्यापूर्वी तो काढणे स्वस्त पडते. नंतर त्याची किंमत आदिवासी मजूर आणि राज्याची बँक मिळून देतात.

या शहराच्या एम्प्रेस मिलनेही हेच दाखविले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ती चालू केली तेव्हा कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे जवळ, हा तिहेरी हिशेब त्यांनी स्वतः फिरून मांडला होता. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत सोने पुरतो आहे म्हणून त्यांना हसणारे सावकार पुढे गप्प झाले. सव्वाशे वर्षांनी, २००२ मध्ये, ती बंद पडली त्या दिवसासाठी मात्र कोणाकडेही कागद नव्हता. आज त्या जागी मॉल आहे, आणि गिरणीच्या नावातला 'एम्प्रेस' तेवढा पाटीवर शिल्लक आहे.

मागणी मी लहान ठेवतो, कारण मोठ्या मागण्यांची निवेदने टी पॉइंटवर ढिगाने पडतात. दुष्काळ-संहितेच्या धर्तीवर राज्याने भाव-संहिता लिहावी: कापूस, सोयाबीन, संत्रा आणि धान या चार पिकांचा भाव कोणत्या मर्यादेखाली गेला, किंवा परदेशी जकातीत किती फेर पडला, म्हणजे कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत काय करावयाचे, आणि पैसा कोठून. जून ते जानेवारी या आठ महिन्यांत आयात-शुल्कात बदल करावयाचा तर राज्याशी आधी विचारविनिमय व्हावा, ही गोष्ट दिल्लीकडून लेखी घ्यावी. चढउतार निधी पुन्हा उभा करावा आणि त्याची किल्ली मंत्रिमंडळाच्या हाती ठेवू नये. आणि प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या मंजुरीच्या फाइलीत, खर्च आणि लाभ यांच्या रकान्यांसोबत, 'उलटे झाल्यास कोणावर' असा एक रकाना असावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसे झोपेत असता पाणी शिरले, तेव्हा सांडव्याच्या वाटेतील अडथळ्यांची तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावी लागली. तो रकाना असता तर ती चर्चा बांधकामापूर्वी झाली असती.

विधानसभेत विदर्भाचे बासष्ट सदस्य बसतात. त्यांपैकी एकाने तरी येत्या हिवाळी अधिवेशनात अर्थमंत्र्यांस तारांकित प्रश्न विचारावा: "सन २०२५ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात कापसावरील आयात-शुल्क माफ असता, राज्यातील किती खातेदारांनी हमीभावाखाली कापूस विकला, त्यांस एकूण किती तोटा झाला, आणि तो शासनाच्या कोणत्या खाती नोंदविला आहे?" प्रश्न विचारणारा सदस्य आपल्याच मतदारसंघाचा असावा असे ज्यास वाटेल, त्या वाचकाने हे कात्रण त्याच्याकडे टपालाने पाठवावे.